गाडीतला टेप बदलताना...

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांतील अनेक मोटारींचा आठवडा रविवारीच सुरू होतो. सोमवार ते शनिवार मालक लोकलने मुंबई-ठाण्याची वाट धरतो आणि गाडी सोसायटीच्या आवारात आच्छादन पांघरून उभी असते. रविवारी सकाळी टिटवाळ्याला किंवा कोंडेश्वरला निघावे म्हणून किल्ली फिरवावी, तर स्टार्टर नुसताच 'टक्' असा आवाज करून गप्प बसतो. बॅटरी उतरलेली असते. नवी बॅटरी घेतली जाते आणि दोन-तीन आठवड्यांत पुन्हा तोच प्रकार घडतो. अशा वेळी जाणता इलेक्ट्रिशियन बॅटरीकडे पाहण्याआधी एकच प्रश्न विचारतो, गाडीत अलीकडे काही नवीन बसवले का? उत्तर बहुधा ठरलेले असते, 'तसे काही नाही, फक्त टेप बदलला.'

हा 'फक्त टेप' म्हणजे डॅशबोर्डमागच्या डझन-दीड डझन वायरींचा व्यवहार असतो. सेट कितीही चांगल्या कंपनीचा असला, तरी तो कसा जोडला आहे यावर गाडीचे आरोग्य अवलंबून असते. ग्राहकाचे सारे लक्ष मात्र पडद्याच्या आकाराकडे आणि खोक्यावर छापलेल्या वॅटच्या आकड्याकडे असते.

'टेप' हा शब्दही आता सवयीनेच उरला आहे. मोटारीतील संगीताचा इतिहास रेडिओपासून सुरू होतो. अमेरिकेत गॅल्विन कंपनीने १९३० मध्ये 'मोटोरोला' या नावाने मोटारीचा रेडिओ आणला, तर जर्मनीत ब्लाउपुंक्टचा रेडिओ १९३२ मध्ये आला. पुढे कॅसेट आणि १९८४ पासून सीडी मोटारीत शिरली. आपल्याकडे १९८३ च्या अखेरीस रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० च्या पिढीने कॅसेट हेच गाडीतले संगीत मानले, आणि म्हणूनच ब्लूटूथ आणि नकाशे दाखवणाऱ्या आजच्या सेटलाही घरोघरी टेपच म्हटले जाते.

खरेदी कोठे, कशी?

मुंबईत इलेक्ट्रॉनिक्ससाठी लॅमिंग्टन रोड आणि मोटारीच्या साजसामानासाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड ही नावे परिचित आहेत. अंबरनाथ-बदलापूरच्या ग्राहकाला मात्र उल्हासनगर हाताशी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना वसवण्यात आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या नगराची पायाभरणी झाली. रिकाम्या हाताने आलेल्या या समाजाने छावणीच्या बराकींतून कारखाने आणि बाजार उभे केले. 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोद दोन-तीन पिढ्यांनी ऐकला आहे. त्यात चेष्टा आहे तशी कबुलीही आहे. जी वस्तू मिळत नाही ती येथे कोणीतरी बनवून देतो. डॅशबोर्डमध्ये न बसणारा सेट कापून, घासून बसवून देणारा कारागीरही येथे भेटतो. अडचण अशी की, हेच कौशल्य कधी कधी नको तेथेही वापरले जाते.

खरेदीच्या वेळी नामांकित कंपनीच्या नावात एखादे अक्षर इकडचे तिकडे केलेला माल ओळखणे तसे सोपे असते. हुबेहूब नक्कल ओळखणे कठीण. त्यासाठी खोक्यावरचा, सेटच्या अंगावरचा आणि वॉरंटी कार्डावरचा अनुक्रमांक एकच आहे ना, हे दुकानातच पाहावे. जीएसटी क्रमांक असलेले पक्के बिल मागावे आणि त्यावर मॉडेल व अनुक्रमांक लिहून घ्यावा. 'बिलाशिवाय घेतले तर स्वस्त पडेल' हा सल्ला तात्पुरता गोड वाटतो. सेट बिघडल्यावर मात्र ग्राहकाकडे दाखवायला काही उरत नाही.

मापाचा प्रश्न त्याहून सरळ आहे. मोटारीच्या सेटचे माप जर्मन मानक संस्थेच्या नावावरून 'डिन' म्हणून ओळखले जाते. एकेरी डिनचा दर्शनी भाग सुमारे १८० बाय ५० मिलिमीटर, तर दुहेरीचा १८० बाय १०० मिलिमीटर असतो. टोयोटाच्या अनेक मोटारींत ही रुंदी २०० मिलिमीटर असते, त्यामुळे साधा दुहेरी सेट बसवल्यास दोन्ही बाजूंना फट राहते. ज्या गाड्यांत मूळ सेट डॅशबोर्डच्या आकाराशी एकजीव केलेला असतो, तेथे त्या मॉडेलची स्वतंत्र फ्रेम लागते. ती आधी मिळवावी आणि मगच सेट घ्यावा. नऊ-दहा इंची पडदे आकर्षक दिसतात खरे, पण काही गाड्यांत ते एसीच्या जाळ्या किंवा धोक्याच्या दिव्याचे बटण झाकून टाकतात.

रंग सारखे, अर्थ वेगळे

नव्या सेटच्या मागच्या वायरींचे रंग बहुतेक कंपन्यांनी एका संकेताने ठरवले आहेत. पिवळी वायर बॅटरीचा कायमचा १२ व्होल्टचा पुरवठा घेते. सेटची स्मरणशक्ती, घड्याळ आणि साठवलेली केंद्रे तिच्यावर चालतात. लाल वायरीला किल्ली फिरवल्यावरच वीज मिळावी अशी अपेक्षा असते. काळी वायर अर्थ, म्हणजे गाडीच्या पत्र्याशी जोडायची. निळी वायर एरियलसाठी आणि निळ्यावर पांढरी रेघ असलेली वायर बाहेरच्या अँप्लिफायरला 'चालू हो' असा इशारा देण्यासाठी असते. स्पीकरच्या चार जोड्यांत पांढरी डाव्या बाजूच्या पुढच्या, करडी उजव्या पुढच्या, हिरवी डाव्या मागच्या आणि जांभळी उजव्या मागच्या स्पीकरची. त्याच रंगावर काळी रेघ असेल, तर ते ऋण टोक समजावे.

हे रंग सेटचे झाले, गाडीचे नव्हेत. गाडीच्या कंपनीने आपल्या वायरींना कोणते रंग द्यावेत, याचे तिला पूर्ण स्वातंत्र्य असते. गाडीतील लाल वायर सेटच्या लाल वायरीला आणि पिवळी पिवळीला जोडणे, ही या कामातील सर्वांत जुनी चूक आहे. युरोपीय पद्धतीच्या प्रमाणित जोडणीतही सापळे आहेत. फोक्सवॅगन समूहाच्या अनेक मोटारींत कायमचा पुरवठा आणि किल्लीचा पुरवठा यांच्या जागा इतरांच्या तुलनेत उलट असतात. अशा गाडीत नवा सेट तसाच जोडला की, किल्ली काढताच तो सारे विसरतो आणि ग्राहक 'सेटच खराब आहे' म्हणून दुकानात परत येतो.

यावरचा उपाय म्हणजे कपलर. त्याचे एक टोक गाडीच्या मूळ सॉकेटमध्ये बसते आणि दुसरे नव्या सेटच्या वायरींना जोडले जाते. गाडीची एकही वायर कापावी लागत नाही. गाडीच्या मॉडेलप्रमाणे कपलर वेगळा असतो. सेटच्या किमतीपुढे त्याची किंमत नगण्य असूनही फिटिंग करताना सर्वप्रथम काट मारली जाते ती त्यालाच. 'कपलर कशाला, दहा मिनिटांत वायरी जोडून देतो' असे म्हणत मूळ सॉकेट कटरने तोडले जाते आणि त्या दहा मिनिटांत गाडीची मूळ जोडणी कायमची जाते. गाडी वॉरंटीत असेल, तर पुढे विजेच्या कोणत्याही बिघाडात कंपनी या कापलेल्या वायरींकडे बोट दाखवू शकते. सेट बसवून घेताना ग्राहकाने एवढे एकच वाक्य ठामपणे सांगावे, मूळ वायर कापायची नाही.

नव्या सेटच्या वायरी आणि कपलर यांतले सांधेही पाहून घ्यावेत. वायरींना पीळ देऊन वर काळी टेप गुंडाळणे हे सांधणे नव्हे. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डमागे ती टेप चिकट होऊन सुटते. मग कल्याण-बदलापूर रस्त्यावरचे खड्डे उरलेले काम पूर्ण करतात. सांधा झाळून त्यावर उष्णतेने आकसणारी नळी चढवलेली असावी किंवा योग्य मापाच्या जोडणीने घट्ट दाबलेला असावा.

जुन्या गाड्यांबाबत आणखी एक खबरदारी आवश्यक आहे. साध्या कॅसेट सेटच्या काळात स्पीकरचे ऋण टोक थेट पत्र्याला जोडण्याची पद्धत होती. आजच्या सेटमध्ये स्पीकरची दोन्ही टोके अँप्लिफायरच्या चिपमधून निघतात. त्यांपैकी एकही पत्र्याला लागले, तर सेट स्वतःला बंद करून घेतो किंवा चिप जळते. त्यामुळे पद्मिनी किंवा पहिल्या पिढीतील मारुतीत नवा सेट बसवताना प्रत्येक स्पीकरपर्यंत दोन स्वतंत्र वायरी नव्याने ओढणेच हिताचे. स्पीकरची धन-ऋण बाजू ओळखण्यासाठी घड्याळातला पेन्सिल सेल पुरतो. सेलचे धन टोक स्पीकरच्या धन टोकाला क्षणभर लावले की, पडदा बाहेरच्या दिशेने उचलला जातो. एखादा स्पीकर उलटा जोडला गेला, तर काही बिघडत नाही. मात्र तबला आणि ढोलकीतला खर्ज गायब होतो.

बॅटरीचा हिशेब

आता रविवारच्या गाडीकडे वळू. लहान मोटारीत साधारण ३५ अँपिअर-तास क्षमतेची बॅटरी असते. गाडी बंद असतानाही घड्याळ, कुलूप यंत्रणा आणि सेटची स्मरणशक्ती थोडी वीज खात असतात. हा प्रवाह ०.०५ अँपिअरच्या आत असेल, तर दिवसाला सुमारे १.२ अँपिअर-तास खर्च होतात आणि सहा दिवसांनीही बॅटरीत पुरेसा जीव उरतो. पण लाल वायर पिवळीसोबतच कायमच्या पुरवठ्याला जोडली, तर सेट कधीच पूर्ण झोपत नाही. पडदा काळा दिसतो, पण आतले सर्किट चालू राहते. अर्धा अँपिअर प्रवाह वाहत राहिला, तरी दिवसाला १२ अँपिअर-तास जातात. भरलेली बॅटरी तीन दिवसांच्या आत रिकामी होते. रोज गाडी चालवणाऱ्याला हा दोष महिनोन्महिने कळत नाही, कारण प्रवासात बॅटरी पुन्हा भरते. लोकलने जाणाऱ्याला तो पहिल्याच आठवड्यात कळतो. रविवारची सहल हुकली तर फारसे बिघडत नाही. घरातल्या वृद्धांना रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायचे असते, तेव्हा हीच चूक महागात पडते.

अशी जोडणी नेहमीच निष्काळजीपणातून होते असे नाही. 'किल्ली न लावता गाणी वाजली पाहिजेत' अशी मागणी अनेकदा ग्राहकच करतो आणि कारागीर ती पुरी करतो. अँप्लिफायरची इशाऱ्याची वायर कायमच्या पुरवठ्याला जोडली, तरी परिणाम तोच, किंबहुना अधिक वाईट.

तपासणी सोपी आहे. सेट चालू ठेवून किल्ली काढावी. तो लगेच, किंवा काही गाड्यांत दार उघडल्यावर, आपोआप बंद झाला पाहिजे. अधिक खात्री हवी असल्यास गाडी कुलूपबंद करून अर्धा तास थांबावे आणि बॅटरीच्या ऋण टोकात मल्टिमीटर १० अँपिअरच्या मापावर मालिकेत जोडून आकडा पाहावा. मीटर लावलेला असताना चुकूनही स्टार्टर मारू नये. मीटरचा फ्यूज तत्क्षणी उडतो.

फ्यूज आणि फुगवलेले वॅट

फ्यूज सेटचे रक्षण करतो, हा समज अर्धवट आहे. त्याचे मुख्य काम वायरीचे रक्षण करणे हे आहे. सेटच्या मागे १० अँपिअरचा फ्यूज असेल आणि तो वारंवार उडत असेल, तर तेथे ३० अँपिअरचा फ्यूज किंवा तांब्याची तार लावणे म्हणजे पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळू देणे होय. डॅशबोर्डमागे प्लॅस्टिक, स्पंज आणि वायरींचे जुडगे असते; तेथे लागलेली ठिणगी दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. स्वतंत्र अँप्लिफायर लावायचा असेल, तर त्याची वायर थेट बॅटरीपासून ओढावी आणि तिच्यावरचा फ्यूज बॅटरीच्या शक्य तितका जवळ, सुमारे दीड फुटाच्या आत असावा. डिकीत अँप्लिफायरजवळ लावलेला फ्यूज मधल्या दहा-बारा फूट वायरीचे काहीच रक्षण करीत नाही.

हाच फ्यूज खोक्यावरच्या जाहिरातीची सत्यताही सांगतो. '५० वॅट गुणिले चार' म्हणजे २०० वॅट. पण १४.४ व्होल्टवर १० अँपिअर म्हणजे जेमतेम १४४ वॅट, आणि त्यातीलही बराच भाग उष्णतेत जातो. चार ओहमच्या स्पीकरवर १४.४ व्होल्टच्या पुरवठ्यातून स्वच्छ आवाजाचे गणित २६ वॅटच्या आसपास संपते. ५० चा आकडा निघतो तो आवाज पूर्ण फाटलेला असताना. सेट निवडताना 'आरएमएस' या शब्दापुढचा आकडा पाहावा. तो वीसच्या घरात असेल, तर कंपनी प्रामाणिक आहे असे समजायला हरकत नाही.

विविध भारती हरवते कुठे?

बदलापूर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून रेल्वेने ६८ किलोमीटर दूर आहे आणि मध्ये पारसिकचे डोंगर आहेत. मुंबईतील एफएम केंद्रांचे संकेत येथे पोहोचेपर्यंत क्षीण होतात. अनेक गाड्यांच्या एरियलमध्ये हा क्षीण संकेत वाढवणारे छोटे सर्किट असते आणि त्याला १२ व्होल्टचा पुरवठा सेटच्या निळ्या वायरीतून मिळतो. फिटिंग करताना ती वायर 'बिनकामाची' म्हणून टेप लावून सोडली जाते. ठाण्यात उत्तम वाजणारा सेट अंबरनाथ सोडताच खरखरू लागतो, त्याचे कारण अनेकदा एवढेच असते.

दुसरे कारण याहून गमतीचे आहे. काही सेट अमेरिकी मापावर लावलेले येतात. अमेरिकेत एफएम केंद्रे ०.२ मेगाहर्ट्झच्या अंतराने आणि विषम दशांशावरच असतात. त्यामुळे अशा सेटवर ९१.१, ९३.५, ९८.३, १००.७ आणि १०७.१ ही मुंबईची केंद्रे व्यवस्थित लागतात, पण १०२.८ वरची विविध भारती काही केल्या नीट लागत नाही. सेट १०२.७ वरून थेट १०२.९ वर उडी मारतो. मध्यम लहरींवरही तेच. तेथे अमेरिकी सेट १० किलोहर्ट्झच्या पावलांनी चालतो आणि आपली केंद्रे ९ च्या पटीत असतात; मुंबई आकाशवाणीचे अनेक वर्षे परिचित असलेले ५५८ त्याला सापडणारच नाही. सेटच्या मेनूत 'एरिया' किंवा 'रिजन' शोधून ते बदलले की प्रश्न मिटतो. जपानमधून आलेल्या वापरलेल्या सेटचे मात्र तसे नाही. ते जपानच्या ७६ मेगाहर्ट्झपासून सुरू होणाऱ्या पट्ट्यासाठी बनवलेले असतात आणि मुंबईची बरीच केंद्रे त्यांच्या आवाक्याबाहेर राहतात. असा सेट स्वस्तात मिळाला, तरी रेडिओची आवड असणाऱ्याने घेऊ नये.

पुराचे पाणी

२६ जुलै २००५ च्या महापुराने उल्हास नदीकाठच्या वस्त्यांना जो तडाखा दिला, तो येथे कोणी विसरलेले नाही. २७ जुलै २०१९ रोजी याच नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले. सखल भागात राहणाऱ्याने अँप्लिफायर आसनाखाली बसवू नये. गाडीत पाणी शिरले की पहिला घास तोच असतो. गाडी बुडाली असल्यास किल्ली फिरवून 'चालते का' हे पाहण्याचा मोह टाळावा आणि आधी बॅटरीचे ऋण टोक काढावे. पाण्यात भिजलेला सेट वाळल्यावर वाजू लागला, तरी कपलरच्या पिनांवर काही आठवड्यांत हिरवट थर धरतो. त्या पिना साफ केल्याखेरीज सेटवर भरवसा ठेवू नये.

येथेच विम्याचा मुद्दा येतो. कंपनीने बसवलेला नसलेला सेट पॉलिसीत आपोआप धरला जात नाही. विजेवर चालणाऱ्या अशा साधनांसाठी स्वतंत्र नोंद करावी लागते आणि त्यासाठी सामान्यतः साधनाच्या किमतीच्या चार टक्के जादा हप्ता आकारला जातो. वीस हजारांच्या सेटला वर्षाला आठशे रुपये. पक्क्या बिलाचा उपयोग होतो तो असा.

प्रत्यक्ष काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक सोडवणे अनिवार्य आहे. मात्र काही मोटारींचा मूळ सेट वीज तुटताच सांकेतिक क्रमांक मागतो. तो गाडीच्या पुस्तिकेत किंवा कार्डावर आहे ना, हे आधी पाहावे. डॅशबोर्डमागे पिवळे कपलर दिसले, तर ते एअरबॅगचे असतात. त्यांना हात लावू नये. स्टीअरिंगवर आवाजाची बटणे असलेल्या नव्या गाड्यांत केवळ साधा कपलर पुरत नाही, तर गाडीच्या संगणकीय संदेशांचे भाषांतर करणारा छोटा डबाही लागतो. तो न लावल्यास ती बटणे शोभेची होतात. हँडब्रेकची वायर गाडी चालू असताना पडद्यावरचे चित्रपट बंद ठेवण्यासाठी असते. ती थेट अर्थला जोडून 'अडथळा' दूर करून देणारे पुष्कळ भेटतील. चालकाचे लक्ष रस्त्यावर राहावे यासाठीच ती दिलेली आहे, तेव्हा ती जेथे जोडायची तेथेच जोडावी.

काढलेला जुना सेट भंगारात देण्याची घाई करू नये. मूळ वायरी शाबूत असतील, तर गाडी विकताना तो तासाभरात परत बसतो आणि नवा सेट पुढच्या गाडीत नेता येतो. सेटच्या मागचा लोखंडी ब्रॅकेट आणि चार स्क्रू एका पिशवीत घालून त्याच्यासोबतच ठेवावेत, कारण बाजारात नेमके तेच मिळत नाहीत.